सा कुठं आहे?

आमच्या संगीत मंडळाच्या मासिक सभेत मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात मी आशाबाईंच्या एका जुन्या रेकॉर्डवर बोलेन म्हणतो," आणि खजिनदारांनी तिथल्या तिथे चाळीस जादा खुर्च्यांचा हिशेब मांडला. आमच्या मंडळात सभासद वीसच, पण सगळ्यांच्या वयाची बेरीज केली तर ज्ञानेश्वरीच्या वयाच्या दुप्पट भरते. एरवी आम्ही आमच्यापुरत्याच खुर्च्या मांडतो, आणि त्यातल्याही दोन-तीन गुडघेदुखीमुळे रिकाम्या राहतात. त्यामुळे चाळीस हा आकडा ऐकून सभेत चैतन्य पसरलं. "कुठली हो रेकॉर्ड? नाट्यसंगीत की ओपीवाली?" कुणीतरी विचारलं.

"ऑर्नेट कोलमनवाली," मी म्हणालो. "आशा पुथली."

भर बैठकीत तबल्याची पुडी फुटावी तशी शांतता झाली. खजिनदारांनी हिशेबाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. आपल्याकडे 'आशा' म्हटलं की पुढचं आडनाव गृहीतच असतं, त्यात त्यांचा दोष नाही. चिटणीस मात्र मुत्सद्दी गृहस्थ. आधी त्यांनी ह्या बाई मुंबईच्याच आहेत ना, शास्त्रीय शिकलेल्या आहेत ना, ह्याची खात्री करून घेतली. मग जरा पुढे वाकून म्हणाले, "म्हणजे त्यात आपलं काहीतरी असेलच. राग वगैरे. तेवढं दाखवून द्या म्हणजे झालं. निमंत्रणात घालू, 'जॅझवर भारतीय संगीताची मोहोर'."

हे 'आपलं काहीतरी' प्रकरण मला पुढे फार महागात पडलं.

आता ही बाई कोण, ते सांगतो. आशा पुथलींचा जन्म १९४५ सालचा, मुंबईतला. लहानपणापासून हिंदुस्थानी गाण्याची तालीम आणि जोडीला ऑपेराचं शिक्षण. म्हणजे एका गळ्याला दोन सासवा. एक म्हणणार, आवाज असा फेक की थिएटरातल्या शेवटच्या रांगेतला माणूस दचकून उठला पाहिजे. दुसरी म्हणणार, फेकायचा कसला, सूर असा लाव की ऐकणाऱ्याला वाटावं तो त्याच्याच पोटातून आला. आणि ह्या दोघींच्या मधून वाट काढत रेडिओवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' ऐकायचं, विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम. तेराव्या वर्षी मुलीने गाण्याच्या स्पर्धेत 'मालागेन्या' गाऊन बक्षीस मिळवलं. आपल्याकडच्या मुली त्या वयात भूपातली छोटी चीज म्हणून दाखवायच्या आणि पेढा खाऊन घरी यायच्या.

मुंबईत त्या काळी जॅझ म्हणजे परग्रहावरची वस्तू नव्हती, हेही सांगायला हवं. १९३०च्या दशकात लिऑन अ‍ॅबी आणि टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवून गेले. त्यांचं ऐकून गोव्याच्या वादकांनी रात्री चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत जॅझ वाजवलं आणि दिवसा त्याच बोटांनी हिंदी सिनेमाची गाणी सजवली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही मंडळी नसती तर आपल्या लाडक्या सी. रामचंद्रांची निम्मी गाणी अर्ध्या कपड्यांत घराबाहेर पडली असती. पण पडद्यावरच्या नावांच्या पाटीत ह्यांची नावं क्वचित असत, आणि असली तरी ती येईपर्यंत आपण अंधारात आपली खुर्ची शोधत असू.

पुढे आशाबाई हवाई सुंदरीची नोकरी करून, मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कला पोचल्या. गाण्यासाठी नाचाच्या दारातून आत शिरायचं, हे मला फार आवडलं. वेद मेहतांच्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' ह्या १९७० सालच्या पुस्तकात मुंबईतल्या जॅझविषयी मजकूर आहे, त्यात ह्यांच्याबद्दल लिहिलेलं होतं. तिकडे जॉन हॅमंड नावाचा एक कानसेन होता. १९३३ साली बिली हॉलिडेचं पहिलं ध्वनिमुद्रण करवणारा आणि १९६१ साली बॉब डिलनला करारात बांधणारा तोच हा हॅमंड. त्याच्या कानावर हा आवाज गेला. आणि मग १९७१च्या सप्टेंबरात ऑर्नेट कोलमनने 'सायन्स फिक्शन' ही रेकॉर्ड केली, तिच्यात दोन गाणी आशाबाई गायल्या. 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' आणि 'ऑल माय लाइफ'. दोन्ही मिळून सात मिनिटांच्या आसपास. जॅझवाले आजही ज्याच्यासाठी त्यांचं नाव काढतात तो ऐवज मुख्यतः एवढाच. आमच्याकडे सात मिनिटांत तंबोरेसुद्धा लागत नाहीत.

ही रेकॉर्ड मी पहिल्यांदा ऐकली ती नातवाने आणून दिलेल्या, नारळाएवढ्या स्पीकरवर. दुपारची वेळ. रेकॉर्डचं नाव ज्या तुकड्यावरून पडलं आहे, त्यात वाद्यांच्या गदारोळातून एक कवी कविता म्हणतो आणि मधूनमधून तान्हं मूल रडतं. खरंखुरं मूल. हा तुकडा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला शेजारच्या वहिनी दारात. "तुमच्याकडे बाळ कुणाचं आलंय?" आमच्या सौभाग्यवतींनी मला न विचारता सांगितलं, "अहो, ह्यांचं गाणं आहे ते." वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पंचाहत्तराव्या वर्षी कमवायला नको होती.

तर चिटणिसांच्या आज्ञेप्रमाणे मी ह्या दोन गाण्यांत 'आपलं काहीतरी' शोधायला बसलो. तीन दिवस कस्टमच्या अधिकाऱ्यासारखी एकेक पेटी उघडून पाहिली. राग नाही. सरगम नाही. तान औषधाला नाही. मुरकी-हरकत असलीच तर तोंडी लावण्यापुरती. आपल्याकडचा एखादा शास्त्रीय गायक परदेशी वाद्यांबरोबर बसवला की तिसऱ्या मिनिटाला सरगमचा पट्टा सोडतोच, आणि समोरचे पाहुणे टाळ्या वाजवतात. ही बाई तसलं काहीच करत नाही. एक संथ, लांब, जवळजवळ उघडीवाघडी धून घेते आणि सरळ गाते. शब्द मोजके. प्रेमात पडलेलं माणूस स्वतःलाच प्रश्न विचारतं, असल्या जातीचे.

पण तिच्या आजूबाजूला काय चाललंय ते ऐका. एड ब्लॅकवेल आणि बिली हिगिन्स असे दोन-दोन ड्रमवाले एकाच वेळी, आणि दोघेही घाईत. चार्ली हेडनचा तो भलामोठा बास आपल्याच विचारात. सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाले धून तीच वाजवतात, पण लग्नाच्या मांडवात म्हटलेल्या मंगलाष्टकांसारखी, म्हणजे प्रत्येकाची पट्टी जरा जरा आपापली. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध ही बाई विलंबितात. अतिविलंबितात. आग लागलेल्या बाजारातून एखादी बाई डोक्यावर पाण्याची घागर घेऊन सावकाश चालली आहे आणि थेंब सांडत नाही, तसं.

हे कसं जमतं, हा माझा प्रश्न. आणि इथे माझ्या मते चिटणिसांचं 'आपलं काहीतरी' येतं, पण त्यांना पाहिजे त्या दारातून नाही.

जॅझमधली नेहमीची गाणी बहुतेक बत्तीस घरांची असतात. प्रत्येक घर चार मात्रांचं. आणि घराघरात खाली स्वरांचा एक गुच्छ वाजत असतो, ज्याला ते कॉर्ड म्हणतात. घर बदललं की बहुधा गुच्छ बदलतो. वर गाणाऱ्याने हव्या तेवढ्या गमती कराव्यात, पण आत्ता आपण कुठल्या घरात आहोत ह्याचं भान सुटता कामा नये. सुटलं तर परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं होतं.

आता आपल्या गाणाऱ्याची काय पंचाईत होते पाहा. समजा तुम्ही यमन गायला बसलात, आणि मागे तंबोऱ्यावरचा शिष्य दर चार मात्रांनी खुंट्या पिळून सा बदलतोय. तुम्ही मोठ्या प्रेमाने लावलेला पंचम, तुम्ही डोळे उघडेपर्यंत त्याच्या दृष्टीने गंधार झालेला असतो. तुम्ही त्या शिष्याला तिथेच तंबोऱ्याने हाणाल. जॅझचा गायक हाणत नाही, तो त्या सरकत्या जमिनीवर नाचायला शिकतो. एला फिट्झजेराल्ड काय, सारा व्हॉन काय, त्या जमीन कुठे सरकणार हे आधी ओळखून पाऊल टाकतात. हे शिक्षणच वेगळं आहे. आपल्या शिक्षणात जमीन हलत नाही. ती हलणार नाही ह्याच हमीवर आपण जन्मभर हवेत गिरक्या घेतो.

आणि इथे ऑर्नेट कोलमन येतो. लहानपणी हा मुलगा पुस्तकावरून एकट्याने सॅक्सोफोन शिकला आणि सुरांची नावंच चुकीची पाठ करून बसला. आमच्याकडे अशा मुलाला पेटी वाजवायला बसवतात. हा मात्र मोठा होऊन १९५९ साली न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट'मध्ये प्लास्टिकचा पांढरा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि ती बत्तीस घरांची चाळ त्याने पाडून टाकली. खाली ठरलेले गुच्छ नाहीत, ठरलेली घरं नाहीत, धून आहे आणि माणसं आहेत. भलेभले वादक खवळले. हा फसवतोय, ह्याला वाजवताच येत नाही, असं मोठमोठे लोक म्हणाले. २००७ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यांतल्या फारच थोड्यांना आपलं म्हणणं मागे घेण्याची सोय उरली होती.

तर अशा माणसाला गाणारी हवी. कॉर्डच्या जमिनीवर नाचायला शिकलेली गायिका इथे आली तर बिचारी पाय कुठे टेकणार? तिचं जन्माचं शिक्षण ज्या फरशीवर झालं ती फरशीच उखडलेली. पण आपल्या तालमीत वाढलेल्या मुलीचं त्यात काहीच जात नाही, कारण त्या फरशीवर ती मुळात उभीच नव्हती. तिला लागतो एक सा. आणि तंबोरा बाहेर नसला तर तो आत वाजत ठेवायची सवय तिला पहाटेच्या खर्जाने लावलेली असते. बाजार पेटू दे, घागर सांडत नाही ती म्हणून. मला ह्या दोन गाण्यांत शास्त्रीय तालीम ऐकू येते ती एवढीच, आणि एवढी म्हणजे पुष्कळ झाली. ती गाण्यावर चिकटवलेली नाही, गाणाऱ्या बाईच्या कण्यात आहे.

हिच्या शेजारी त्या काळातले दुसरे प्रयोग ठेवून पाहा. १९६६ साली जॉन मेयर आणि जो हॅरियट ह्यांनी इंग्लंडमध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' केलं, पाच वादक इकडचे, पाच तिकडचे. कष्टाचं काम आहे, मी आदराने ऐकतो. पण ऐकताना मला सतत लग्नातली पंगत दिसते. इकडे मुलाकडचे, तिकडे मुलीकडचे. आधी तुमची सतार, मग आमचा सॅक्सोफोन, कुणी कुणाच्या पानातलं खात नाही. आशाबाईंच्या सात मिनिटांत व्याही-विहिणी नाहीतच.

मी हे सगळं चिटणिसांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे राग सापडला नाही?"

"नाही."

"निदान तो ब्लू नोट म्हणतात तो? कोमल गंधार आणि शुद्ध गंधार ह्यांच्या मधला? तो आपल्या दरबारीचा गंधारच की!"

मी म्हणालो, दरबारीचा गंधार कसा झुलावा ह्याचा कायदा आहे, चार पिढ्यांनी घालून दिलेला. ह्यांचा गंधार गुलामांच्या शेतावरून आलाय, त्याला कायद्याने फक्त मारलेलं आहे. दोघांची उंची जवळपास आली म्हणून दोघं भाऊ होत नाहीत. चिटणीस म्हणाले, "बरं, निमंत्रणात नुसतं 'एक आगळा कार्यक्रम' घालतो." खुर्च्या वीसच राहिल्या.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर समीक्षा पुरी झाली असती. पण एक गोष्ट लिहायची राहते, आणि ती लिहिल्याशिवाय वरच्या सगळ्या पांडित्याला तसा अर्थ नाही.

माझी ताईही १९४५चीच. मुंबईचीच. गिरगावात आमच्या दोन खोल्या, त्यात आठवड्यातून तीनदा बुवा शिकवायला यायचे. ताई आठव्या वर्षापासून शिकत होती, आणि तिचा गळा असा होता की ती यमनचा निषाद लावून थांबली की खालच्या मजल्यावरचे काका वर्तमानपत्राचं पान उलटायचे थांबत. बुवा मोजून बोलणारे. अकरा वर्षांत त्यांनी तिला 'बरं' असं दोनदा म्हटलं होतं. मला एकदाच म्हणाले होते, "तू पाणी आण."

समोरच्या वाडीत एक ट्रम्पेटवाला राहायचा. रात्री हॉटेलात वाजवायचा, दुपारी गॅलरीत बसून रियाझ करायचा. १९६४च्या नाताळात वाडीत कार्यक्रम झाला. ताई मैत्रिणीबरोबर गेली होती, मी मागे लागून गेलो होतो, केकसाठी. कुणीतरी आग्रह केला आणि ताई उभी राहून रेडिओवर ऐकलेलं एक इंग्रजी गाणं गायली. पहिलं कडवं जसंच्या तसं. दुसऱ्याला तिने काय केलं कुणास ठाऊक, धून जरा बाजूला ठेवली आणि आपल्या मनाने फिरायला निघाली. ट्रम्पेटवाल्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या मागे मागे, दबक्या पावलांनी वाजवत गेला. दोन-तीन मिनिटंच. पण मला त्यातलं नंतर कळलं ते असं, की तेवढ्या वेळात ती गाताना कुणाचं तरी ऐकत होती आणि कुणीतरी तिचं ऐकत होतं. आमच्या घरातल्या शिकवणीत ऐकायचं फक्त तिने असे.

दुसऱ्या दिवशी हे बुवांना मी सांगितलं. मी चौदा वर्षांचा होतो, म्हणजे 'लहान होतो' म्हणायची सोय नाही. पाणी आणून ठेवता ठेवता सांगितलं. बुवांनी पाणी घेतलं नाही. टोपी चढवली आणि दारात चपला शोधता शोधता म्हणाले, "हा गळा आता दोन घरची भांडी घासणार. आमच्याकडे नको." पुन्हा आले नाहीत. वडिलांनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग तंबोऱ्याला गवसणी घातली. दीड वर्षाने ताईचं लग्न झालं. शाळेत तिने एकतीस वर्षं गणित शिकवलं. उत्तम शिकवायची म्हणतात.

१९७८ साली रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा मी सॉनी रॉलिन्स ऐकायला गेलो होतो. ऑफिसातल्या एकाकडे जादा पास होता. दोन होते खरं म्हणजे. ताईला विचारलं नाही.

तेव्हा आशा पुथलींच्या पुढच्या कारकिर्दीबद्दल नाक मुरडायचा अधिकार मला कितपत आहे, ते वाचकांनी ठरवावं. मुरडणार तरी आहेच, कारण समीक्षा लिहायला बसलोय. ऑर्नेटनंतर त्या जॅझच्या गल्लीत राहिल्या नाहीत. १९७३ साली सीबीएसने त्यांची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड काढली, मग १९७६ची 'द डेव्हिल इज लूज', तिच्यातलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या नाचघरांत गाजलं. १९९७ साली नोटोरियस बी. आय. जी. ह्या रॅपवाल्याने त्याचा तुकडा उचलून आपल्या गाण्यात लावला. माझा नातू आशाबाईंना ओळखतो तो ह्या मार्गाने, म्हणजे उलट्या बाजूने. ती गाणी मी ऐकली. लाघवी आहेत, आवाज कानाशी येऊन कुजबुजतो, तालावर पाय आपोआप हलतो (डाव्या गुडघ्यासकट). पण तिथे ती तालीम म्हणजे कानातला अत्तराचा फाया. वास छान येतो. 'व्हॉट रीझन'मध्ये ती कणा होती.

ह्यात त्यांचा दोष किती आणि गल्लीचा किती? हिंदुस्थानी गळ्याची, ऑपेरा शिकलेली, मुंबईची मुलगी कुठल्या कप्प्यात ठेवायची हे रेकॉर्डच्या दुकानदाराला ठरवता येईना, आणि पोट भरायचं तर कुठल्यातरी कप्प्यात बसावंच लागतं. जॅझवाल्यांनी कौतुक केलं आणि दुसरी तशी रेकॉर्ड केली नाही. मला चुटपुट लागते ती ह्याची. सात मिनिटांऐवजी सत्तर असती तर हिंदुस्थानी गळा जॅझमध्ये नेमकं काय करू शकतो ह्याची चर्चा आम्ही मंडळात तरी नक्की बंद केली असती. बाईंनी मात्र गायचं थांबवलं नाही. २०२४ साली, ऐंशीला टेकल्या असताना, इंग्लंडात ग्लॅस्टनबरीच्या मैदानात उभ्या राहून गायल्या.

ताई आता आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहते. रोज सकाळी फिरायला जायच्या ऐवजी अर्धा तास इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची ती रेडिओसारखी पेटी लावून सूर लावते. गाते म्हणायचं नाही, 'बसते' म्हणायचं, असा दंडक आहे. मंडळातल्या भाषणाच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "ताई, वर ये, एक ऐकवायचंय." ती पेटी काखोटीला मारूनच आली.

मी 'व्हॉट रीझन' लावलं. सुरुवातीच्या कल्लोळाला तिने भुवया वर केल्या. आवाज आला तशी मान खाली घातली. गाणं संपलं. "पुन्हा," ती म्हणाली. आणि पेटीचं बटण दाबून, कान स्पीकरला लावून, पट्टीची खुंटी पिळायला लागली. काळी दोन, पांढरी चार, मागे, पुढे. तिला त्या गाण्याचा सा पाहिजे होता. एकदा वाटलं सापडला, पुढच्या ओळीला तो पाहुण्यासारखा उठून गेला. चौथ्यांदा लावलं. पाचव्यांदा लावलं. आमच्या सौभाग्यवती चहा ठेवून गेल्या, तो निवला.

"सा कुठं आहे रे हिचा?" ताई म्हणाली.

"मला वाटतं तिच्या आत," मी म्हणालो. वर लिहिलेला सगळा सिद्धान्त मी तिला सांगितला. खुंट्या पिळणारा शिष्य, बत्तीस घरांची चाळ, सगळं. तिने शाळेतल्या पोराचं उत्तर तपासावं तसं ऐकून घेतलं.

"अर्धं बरोबर आहे," ती म्हणाली. "आत सा धरून ठेवला असता तर ती ह्या लोकांपासून वेगळी पडली असती, तेलासारखी वर तरंगली असती. ती धरत नाहीये. नीट ऐक, ओळ संपताना शेवटचा सूर ती जरासा सैल सोडते, आणि तो ट्रम्पेट जिथे असेल तिथे जाऊन टेकते. प्रत्येक वेळी दुसरीकडे. सा सोडता यायला आधी तो इतका पक्का लागतो की..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. पेटी बंद केली.

मी म्हणालो, "ताई, ते बुवांना त्या वेळी..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पाण्याचा तांब्या खाली ठेवताना तुझा हात थरथरत होता. मी आतून बघत होते."

साठ वर्षं मी जे वाक्य जुळवत होतो त्याला तिने एवढीच जागा दिली. मी काहीतरी बोलणार, तोवर तिने स्वतःच हात पुढे करून मोबाइलवर बोट ठेवलं.

"दुसरं गाणं आहे म्हणालास ना हिचं? लाव. आणि ते मूल रडायच्या आत पुढे ढकल, शेजारच्या वहिनी मघापासून दारात उभ्या आहेत."